पेटी आणि बीजक

बार्शीसारख्या जुन्या व्यापारी गावातले एक घर. खाली रस्त्यालगत तयार कपड्यांचे दुकान, मागे गोदाम आणि वर राहती जागा. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपण्याचा शिरस्ता या घरात तीन पिढ्यांपासून चालत आलेला आहे. दुकानाचा कारभार मुलाच्या आणि मोठ्या नातवाच्या हाती सोपवल्यापासून आजोबा जेवायला सर्वांत आधी येऊन बसतात. त्यांच्या शेजारी सात वर्षांचा धाकटा नातू बसतो. ताट वाढले की नातू मोबाइल मागतो. त्या मोबाइलवर ना गाणे असते, ना गोष्ट. दूरदेशीचा एक मुलगा टेबलावर रंगीत पेटी ठेवतो, तिच्यावरून हात फिरवतो, चिकटपट्टी सोलतो, झाकण उचलतो आणि आतून खेळण्यातली एक मोटार बाहेर काढतो. एवढेच. ती पेटी संपली की दुसरी.

आजोबांनी पहिले तीन दिवस हा प्रकार नापसंतीने पाहिला. चौथ्या दिवशी सुनेने मोबाइल काढून घेण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा आजोबाच म्हणाले, "थांब जरा, यात काय निघतंय तेवढं बघू दे." बोलून गेल्यावर ते स्वतःच चपापले.

पुढे नातवाच्या वाढदिवसाला हुबेहूब तशीच मोटार घरी आली. नातवाने ती पेटी मोठ्या अधीरतेने उघडली, झाकण उचलताना परदेशी मुलासारखाच आनंदाचा चीत्कार केला, मोटार दोन वेळा घरभर फिरवली. तासाभराने मोटार पलंगाखाली पडलेली होती आणि नातू पुन्हा मोबाइलसमोर बसून दुसऱ्या कुणा मुलाला तीच मोटार पेटीतून काढताना पाहत होता. आजोबांना याचे मोठे नवल वाटले. वस्तू घरात आलेली आहे, मग ती दुसऱ्याच्या हातात पाहण्याची ओढ का उरावी? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास अनबॉक्सिंग नावाच्या या नव्या छंदाचे मर्म सापडते.

वस्तुतः बंद पेटी उघडताना भोवती माणसे जमावीत, ही गोष्ट नवी नाही. १९८२ साली भारतात रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली. त्यानंतरच्या काळात कुणाच्या घरी संच आला की अर्धी गल्ली तो खोक्यातून बाहेर निघताना पाहायला जमत असे. लग्नाचा बस्ता घरी आला की शेजारणी साड्यांच्या घड्या उलगडून पाहत, आणि त्यात हेव्यापेक्षा कौतुकच अधिक असे. कापडाच्या पेठेत तर हा सोहळा नित्याचा होता. इचलकरंजीहून किंवा मालेगावहून दिवाळीच्या आधी गाठी येत. हमाल गाठ दुकानात आणून टाकी, दाभणाने शिवलेली सुतळी कापली जाई, गोणपाट बाजूला होई आणि कोऱ्या कापडाचा तो विशिष्ट वास दुकानभर पसरे. त्या वासासाठी आजोबा लहानपणी शाळा बुडवून दुकानात थांबत. नातवाचा छंद त्यांना परका वाटला नाही, त्याचे कारण हेच असावे.

यूट्यूबची सुरुवात २००५ मध्ये झाली. पुढच्याच वर्षी नोकिया ई-६१ या फोनची पेटी उघडून दाखवणारी चित्रफीत प्रसिद्ध झाली, आणि या प्रकारातील अगदी आरंभीच्या चित्रफितींमध्ये तिची गणना होते. २०१० च्या अखेरीस कॅनडात 'अनबॉक्स थेरपी' ही वाहिनी सुरू झाली. २०१५ मध्ये दुबईहून 'टेक्निकल गुरुजी' ही वाहिनी हिंदीत सुरू झाली आणि नव्या फोनची पेटी कशी उघडते, हे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावातील तरुणही रात्री अंथरुणात पडून पाहू लागले. यातल्या कित्येक चित्रफितींचा उपयोग निश्चितच आहे. पेटीत चार्जर आहे की नाही, वस्तूचा खरा आकार केवढा, छायाचित्रातला रंग आणि प्रत्यक्षातला रंग एकच आहे का, हे खरेदीपूर्वी कळते. ऑक्टोबर २०२० मध्ये ॲपलने नव्या आयफोनच्या पेटीतून चार्जर काढून टाकला, त्याची खातरजमा अनेकांनी अशाच चित्रफितींतून केली असेल. पाहून, पारखून घेणारा ग्राहक हा कोणत्याही सचोटीच्या दुकानदाराला प्रियच असतो.

परंतु पाहणाऱ्यांतील बहुसंख्य लोकांना ती वस्तू घ्यावयाचीच नसते. काहींची ती घेण्याची ऐपत नसते, तर काहींनी ती आधीच घेतलेली असते. मग ते काय पाहतात?

याचा उलगडा एका वेगळ्याच क्षेत्रातील संशोधनातून होतो. वोल्फ्राम शुल्ट्झ या मज्जाशास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमध्ये माकडांच्या मेंदूतील डोपामीन या रसायनाशी निगडित पेशींचा अभ्यास केला. माकडाला फळाच्या रसाचा थेंब अनपेक्षितपणे मिळाला की या पेशी उत्तेजित होत. नंतर थेंबाआधी दिवा लावण्यास सुरुवात झाली. दिवा लागला की रस मिळतो, हे माकडाच्या ध्यानात आल्यावर पेशी दिवा लागताक्षणीच उत्तेजित होऊ लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळतेवेळी शांत राहू लागल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर त्या नेमक्या क्षणी पेशींची हालचाल नेहमीपेक्षाही मंदावे. पुढे २००३ मध्ये शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेही दाखवून दिले की, रस मिळेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असते, तेव्हा वाट पाहण्याच्या काळातील उत्तेजना सर्वाधिक असते.

माणसाचे मन माकडाच्या मेंदूहून पुष्कळ गुंतागुंतीचे आहे, हे मान्य करूनही या प्रयोगाचा बोध घेता येतो. गोडी मिळण्यापूर्वीच्या क्षणात अधिक असते. पेटी म्हणजे तो दिवा. झाकण उचलले गेले की गोडी ओसरू लागते आणि मन पुढच्या पेटीकडे वळते. पलंगाखालच्या मोटारीचे कोडे येथे सुटते. नातवाला मोटार हवी होती, असे घरातील सर्वांना वाटले. त्याला हवे होते ते उघडणे, आणि उघडणे विकत आणून घरात ठेवता येत नाही.

बाजाराला हे गमक केव्हाच कळलेले आहे. ॲडम लॅशिन्स्की या पत्रकाराने २०१२ च्या आपल्या पुस्तकात ॲपलच्या अंतर्गत कारभाराचे वर्णन केले आहे. त्या कंपनीत केवळ वेष्टनांसाठी राखून ठेवलेली एक खोली होती आणि तेथे वेष्टन घडवणारा एक कलाकार महिनोन्महिने नमुन्याच्या पेट्या उघडून पाहत होता, अशी नोंद त्यात आहे. आयफोनच्या पेटीचे झाकण उचलताना ते चटकन निघत नाही, किंचित अडखळत, सावकाश सरकते. झाकण आणि तळ यांमधील अंतर इतके काटेकोर असते की हवा हळूहळूच आत शिरते. त्या दोन क्षणांचा विलंब हादेखील मालाचाच भाग आहे.

खेळण्यांच्या धंद्याने त्याच्याही पुढचे पाऊल टाकले. अमेरिकेतील एका कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये 'एल.ओ.एल. सरप्राइज' ही बाहुली बाजारात आणली. ती एका गोळ्यात बंद असे आणि गोळ्यावर सात आवरणे असत. कोणती बाहुली मिळणार, हे शेवटचे आवरण सोलेपर्यंत कळत नसे. अनबॉक्सिंगच्या चित्रफिती पाहूनच ही कल्पना सुचली, असे त्या कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलेले आहे. येथे पेटी हाच माल झाला आणि बाहुली निमित्तमात्र उरली. चीनमधील 'पॉप मार्ट' या कंपनीच्या लाबुबू बाहुल्यांनी अलीकडे जगभर जो धुमाकूळ घातला, त्याच्या मुळाशीही न कळणाऱ्या पेटीचेच तत्त्व आहे. अशा पेट्यांची चटक पाहून चीनच्या बाजार नियामकाने २०२३ मध्ये ८ वर्षांखालील मुलांना त्या विकण्यास मनाई केली.

आणि ज्या मुलाकडे पाहून जगभरची मुले जेवतात, त्याची गोष्ट तर व्यापाऱ्यांनी आवर्जून समजून घेण्याजोगी आहे. अमेरिकेतील रायन काजी हा मुलगा चार वर्षांचा असताना, मार्च २०१५ मध्ये, त्याच्या आईवडिलांनी त्याची वाहिनी सुरू केली. तो खेळण्यांच्या पेट्या उघडे आणि खेळे. 'फोर्ब्स' नियतकालिकाच्या यादीनुसार २०१८ मध्ये त्याची वार्षिक कमाई २.२ कोटी डॉलर, २०१९ मध्ये २.६ कोटी डॉलर आणि २०२० मध्ये २.९५ कोटी डॉलर होती. तीनही वर्षे यूट्यूबवर सर्वाधिक कमावणाऱ्यांच्या यादीत तो पहिला होता. २०१८ मध्ये त्याच्या नावाची खेळणी मोठ्या दुकानांतून विकली जाऊ लागली. २०१९ मध्ये एका ग्राहकहितैषी संस्थेने अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे तक्रार केली की, शाळेतही न जाणाऱ्या मुलांना यातील खेळ कोणता आणि जाहिरात कोणती हे उमगत नाही. तक्रारीचा मुद्दा समजण्यासाठी कायदा शिकलेला असण्याची गरज नाही. दुकानातला विक्रेता गल्ल्यापलीकडे उभा असतो आणि तो विकतो आहे हे गिऱ्हाइकाला ठाऊक असते. येथे विक्रेता गिऱ्हाइकाच्या शेजारी, खेळगडी होऊन बसलेला असतो.

भारतातही याची दखल घेतली गेली आहे. ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेनुसार, वस्तू फुकट मिळालेली असो वा तिच्यासाठी मोबदला घेतलेला असो, शिफारस करणाऱ्याने ते संबंध स्पष्ट व सोप्या भाषेत जाहीर केले पाहिजेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुढील वेळी ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्यातून शिफारस करणाराही सुटत नाही. ज्या व्यापारी घरांतील तरुण आपल्या दुकानाचा माल अशा वाहिन्यांवर दाखवून घेतात, त्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

येथपर्यंत हा सारा प्रकार गमतीचाच भासेल. पण त्याच घरात त्याच वर्षी जे घडले, ते गमतीचे नव्हते.

मोठा नातू २३ वर्षांचा. बी.कॉम. झाल्यावर त्याला दुकानाच्या भागीदारीत घेतलेले. मुलगा कष्टाळू, व्यसन कसलेच नाही. रात्री दुकान बंद करून वर आल्यावर तासभर नव्या फोनच्या पेट्या उघडताना पाहणे, एवढाच विरंगुळा. त्या वर्षी त्याने स्वतःच्या कार्डावर आधी फोन घेतला, मग कानात घालायचे इअरबड्स, मग मनगटी स्मार्टवॉच. तिन्ही वस्तू मासिक हप्त्यांवर, आणि तिन्ही ठिकाणी 'नो कॉस्ट' असे लिहिलेले. घरात कुणाला विचारण्याजोगी रक्कम ती नव्हती, आणि घरात कुणी विचारलेही नाही.

दिवाळीपूर्वी दुकानाच्या कॅश क्रेडिट मर्यादेचे नूतनीकरण होते. बँकेने रीतीप्रमाणे सर्व भागीदारांचे पतअहवाल मागवले. नातवाच्या अहवालात दोन हप्ते थकून उशिरा भरल्याची नोंद निघाली. थकलेली रक्कम दुकानाच्या एका दिवसाच्या विक्रीहूनही कमी होती. परंतु बँकेच्या कागदात रकमेइतकेच सवयीलाही मोल असते. लेखी खुलासा मागितला गेला, तो वरच्या कार्यालयात गेला, मंजुरीला तीन आठवडे लागले. हंगामाचे तेच तीन आठवडे. दिवाळीचा माल पेठेतून उधारीवर, चढ्या दराने उचलावा लागला. शाखेतून परतताना मुलाने आपल्या मुलाला शब्दानेही दुखावले नाही. त्या रात्री मात्र तिघेही जेवणानंतर बराच वेळ गप्प बसून राहिले. चाळीस वर्षांत दुकानाच्या नावावर हप्ता चुकल्याची नोंद नव्हती.

'नो कॉस्ट' या शब्दांचा हिशेब त्या घरात नंतर मांडला गेला, तो प्रत्येक घरात एकदा मांडून पाहावा. समजा, फोनची किंमत ३०,००० रुपये आणि हप्ते सहा, प्रत्येकी ५,००० रुपयांचे. वरवर पाहता एक रुपयाही जास्त नाही. प्रत्यक्षात १५ टक्के दराने बँक सुमारे २८,७३० रुपयांचे कर्ज मांडते, त्यावर सुमारे १,२७० रुपये व्याज आकारते, आणि विक्रेता तेवढीच सूट देऊन ते व्याज झाकतो. कार्डावरील या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, तो सुमारे २२९ रुपये. त्यात १९९ रुपये प्रक्रिया शुल्क असेल, तर करासह ते २३५ रुपये. म्हणजे फुकट म्हटलेल्या हप्त्यांची किंमत ४६० रुपयांच्या पुढे जाते. रोखीने घेतल्यास मिळू शकणारी सवलत हातची जाते, ती निराळीच. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर बोट ठेवले होते आणि खरा व्याजदर लपवणाऱ्या अशा योजनांना मनाई केली होती. व्याज नाहीसे होत नाही, ते दुसऱ्या रकान्यात जाऊन बसते, हे जमाखर्च लिहिणाऱ्या घराला नव्याने सांगावे लागू नये.

चार-पाचशे रुपयांनी कुणाचे घर बुडत नाही. खरे नुकसान कोठे झाले, ते नातवाने स्वतःच सांगितले. "घेण्याआधी दोन महिने रोज बघत होतो. घेतल्यावर चार दिवसांत जुना वाटायला लागला," असे तो म्हणाला. आणि लगेच पुढच्या फोनच्या पेट्या पाहू लागला, हे त्याने सांगितले नाही, तरी सर्वांना समजले. त्याच्या टेबलाच्या खणात आधीचे दोन फोन पडून होते. जगात २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्के कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणांचा २०२४ चा अहवाल सांगतो. त्या राशीची सुरुवात अशाच खणांतून होते.

जैन घरांत वस्तूंच्या मर्यादेचा विचार नवा नाही. श्रावकाच्या व्रतांत परिग्रहाचे परिमाण आहे, उपभोग-परिभोगाचेही परिमाण आहे. तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाची ओळख वस्तूंच्या संख्येवरून करून दिलेली नाही, ती मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून करून दिलेली आहे. आणि कोणतीही कृती मोजताना स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि दुसऱ्याने केलेल्याला मनाने होकार देणे, अशा तिन्ही बाजू शास्त्राने धरल्या आहेत. अनबॉक्सिंग पाहणाऱ्याने काही घेतलेले नसते, कुणाला घ्यायला लावलेले नसते, त्याची वही कोरी असते. पण दुसऱ्याच्या घेण्याला मन रोज तासभर होकार देत राहते. अनुमोदनेचा इतका चोख नमुना पूर्वीच्या काळी उदाहरणादाखल शोधूनही सापडला नसता. घरात मोजक्याच वस्तू आहेत, म्हणून परिमाण पाळले गेले असे समजणाऱ्यांनी आपल्या डोळ्यांचाही हिशेब ठेवावा, असे यावरून सुचते.

तथापि निषेधाने हा छंद सुटत नाही, हेही खरे. मोबाइल काढून घेतला तर ताट तसेच राहते आणि मुलगा दुसऱ्याचा मोबाइल शोधतो. त्या घराला वाट सापडली ती स्वतःच्या गोदामात.

दुकानाचा काही माल अलीकडे ऑनलाइन विकला जातो. त्यातला थोडा परत येतो. परत आलेल्या पाकिटात कधी दुसराच कपडा असतो, कधी वापरलेला, कधी नगच कमी. दावा करायचा तर पाकीट उघडतानाचे अखंड चित्रण लागते. ते चित्रण करण्याचे काम मोठ्या नातवाकडेच आहे. एका दुपारी आजोबा सहज गोदामात गेले. नातू पाकीट टेबलावर ठेवत होता. आधी त्याने चारही बाजू मोबाइलसमोर धरल्या, वरची चिठ्ठी आणि क्रमांक दाखवला, चिकटपट्टी शाबूत असल्याचे दाखवले, मग कात्रीने पाकीट कापले, कपडा बाहेर काढून पसरवला, शिवण पाहिली, आकाराची पट्टी पाहिली आणि शेजारच्या बीजकावर खूण केली. पार्श्वसंगीत नव्हते. चेहऱ्यावर विस्मय नव्हता. दोन मिनिटांत काम संपले.

आजोबा म्हणाले, "अरे, तू रात्री बघतोस तेही हेच ना?"

नातू हसला. "तेच आजोबा. पण त्यांच्या हातात बीजक नसतं."

त्या उत्तरात सारे आले. व्यापारी घरात पेटी उघडणे म्हणजे पडताळणे. काय मागवले होते, काय आले, किती आले, कितीला आले आणि त्याचे पैसे केव्हा द्यायचे आहेत, हे पाच प्रश्न कागदावर आधीच लिहिलेले असतात. गाठ फोडल्याचा आनंद त्यामुळे उणावत नाही. कोऱ्या कापडाचा वास बीजक हातात असतानाही तसाच येतो. पण वास घेऊन झाल्यावर मन रिकामे राहत नाही, कारण हाताला पुढचे काम असते. पडद्यावरच्या पेटीला बीजक नसते. तिला किंमत असते, पण देणेकरी दिसत नाही. तिचा मोह बीजकाच्या अभावातच आहे.

म्हणून वस्तू घरात येण्याआधी तिचे बीजक घरात यावे. त्या कुटुंबात आता एक साधी वही ठेवलेली आहे. कुणालाही काही घ्यावेसे वाटले की त्याने वस्तूचे नाव, तारीख, पूर्ण किंमत, हप्ता असल्यास व्याज व शुल्कासह आकडा आणि आजवर त्या वस्तूचे काम कशाने भागत होते, एवढे लिहायचे. तीस दिवसांनी तीच ओळ पुन्हा वाचायची. इच्छा तशीच असेल तर रोखीने घ्यायचे, कुणी अडवत नाही. पहिल्या सहा महिन्यांत वहीत अकरा ओळी झाल्या आणि तीन वस्तू घरात आल्या. त्यांत आजोबांनी लिहिलेला एक कमरेचा पट्टाही होता. उरलेल्या आठ ओळींवर कुणी रागावून काट मारली नाही. तीस दिवसांनी त्या वाचताना लिहिणाऱ्यालाच हसू आले.

धाकट्यासाठी मात्र वही चालण्याजोगी नव्हती. त्याला आजोबांनी एका रविवारी गोदामात नेले. भिवंडीहून लहान मुलांच्या शर्टांचे खोके आलेले होते. आजोबांनी त्याच्या हातात बीजक आणि पेन्सिल दिली. चिकटपट्टी कापण्याचा मान त्याला मिळाला, झाकणही त्यानेच उचलले, आणि नेहमीचा चीत्कारही केला. मग मोजणी सुरू झाली. निळे बारा, पिवळे बारा, हिरवे बारा. लाल अकराच निघाले. त्याने पुन्हा मोजले. पुन्हा अकरा. खोके उलटे करून झटकले, कागद उचलून पाहिले, आजोबांच्या मांडीखालीही पाहिले.

"आजोबा, एक कमी आहे. आता काय करायचं?"

"तू सांग. तू मोजलंस ना?"

त्याने बीजकावर लाल रंगासमोर वाकड्यातिकड्या अक्षरांत ११ लिहिले. त्याच्या वडिलांनी त्याच कागदाचे छायाचित्र भिवंडीला पाठवले आणि संध्याकाळपर्यंत तेवढी रक्कम कमी करून देण्याचा निरोप आला. त्या दिवशी जेवताना नातू घरातल्या प्रत्येकाला एक शर्ट कसा कमी निघाला ते सांगत होता, आणि मोबाइल बाजूच्या खोलीत पडून होता.

दुसऱ्या दिवशी त्याने मोबाइल मागितलाच. सवय एका रविवारात सुटत नसते. पण घास घेता घेता त्याने आजोबांना विचारले, "पुढचं खोकं कधी येणार?" आणि मग, जरा थांबून, "त्याचं बीजक आलं का?"